मिड सफोक, मे २०२३: ३४ पैकी २४ जागा कशा आल्या

४ मे २०२३, गुरुवार. राजाच्या राज्याभिषेकाला दोन दिवस होते, सगळ्या गावांत पताका लागलेल्या, आणि त्याच गडबडीत इंग्लंडच्या पूर्वेकडच्या सफोक काउंटीत मिड सफोक डिस्ट्रिक्ट काउन्सिलचं मतदान झालं. दुसऱ्या दिवशी निकाल लागला: ग्रीन २४, कंझर्व्हेटिव्ह म्हणजे टोरी ६, लिबरल डेमोक्रॅट ४. एकूण जागा ३४. लेबर शून्य. ब्रिटनमध्ये ग्रीन पार्टीला कुठल्याही काउन्सिलमध्ये स्वतःच्या बळावर बहुमत मिळायची ही पहिलीच वेळ, आणि ती मिळाली कुठे तर शेतांच्या, चर्चच्या, ट्रॅक्टरच्या भागात, जिथे टोरी सोडून दुसरं कोणी येईल असं बाहेरच्या माणसाला वाटलंच नसतं.

त्या आठवड्यात पेपरांत बरंच आलं की पर्यावरणाची लाट आली, किंवा लोक टोरींना वैतागले म्हणून जे समोर दिसलं त्यावर फुली मारून आले. मला दोन्ही पटत नाही, म्हणजे अर्धं अर्धं पटतं, पण त्यानं २४ हा आकडा येत नाही. मी याच डिस्ट्रिक्टमध्ये, स्टोमार्केटला राहते, कामाला रोज ट्रेननं इप्सविचला जाते, आणि माझं म्हणणं असं की हा निकाल एका रात्रीत लागला नाही, तो निदान आठ वर्षं एकेका वॉर्डात हळूहळू शिजत होता आणि कोणी तिकडे बघत नव्हतं. म्हणून हे एकच प्रकरण नीट उलगडून लिहायचं ठरवलं.

आधी हे काउन्सिल म्हणजे काय ते सांगते, कारण डिस्ट्रिक्ट म्हटलं की आपल्या डोक्यात जिल्हा परिषद येते आणि तिथेच गोंधळ होतो. इथे वरच्या पातळीला काउंटी काउन्सिल असतं, शाळा, मोठे रस्ते, म्हाताऱ्यांची काळजी हे सगळं त्यांच्याकडे. त्याच्या खाली डिस्ट्रिक्ट. आकारानं बघितलं तर मिड सफोक साधारण ८७० चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्याकडचा एखादा मध्यम तालुका, आणि २०२१ च्या जनगणनेत लोकसंख्या एक लाखाच्या थोडी वर. शहरं म्हणावीत अशी तीनच, स्टोमार्केट, नीडम मार्केट आणि आय, बाकी सगळी खेडी. डिस्ट्रिक्टच्या हातात कचरा उचलणं, घरबांधणीला परवानगी देणं, काउन्सिलची भाड्याची घरं, स्विमिंग पूल वगैरे. काउन्सिल टॅक्सचं बिल डिस्ट्रिक्टच्या नावानं घरी येतं पण त्यातला मोठा हिस्सा काउंटीला जातो, हे इथल्याही कित्येकांना माहीत नसतं. आणि त्याही खाली पॅरिश काउन्सिल, ते साधारण आपल्या ग्रामपंचायतीसारखं. म्हणजे डिस्ट्रिक्ट म्हणजे आपली पंचायत समिती समजा, फक्त बांधकाम परवान्याची ताकद जास्त.

आणि एक गोष्ट जी इथे येणाऱ्या आपल्या कित्येक लोकांना माहीतच नसते: भारतीय नागरिक कायदेशीर व्हिसावर इथे राहत असेल तर त्याला मत आहे. कॉमनवेल्थमुळे. ब्रिटिश पासपोर्ट लागत नाही. फक्त मतदार यादीत नाव घालावं लागतं. २०२३ ची ही निवडणूक पहिली होती जिच्यात इंग्लंडभर पोलिंग स्टेशनवर फोटो ओळखपत्र दाखवणं सक्तीचं होतं, आणि भारतीय पासपोर्ट त्यात चालतो. मी तोच घेऊन गेले होते. आपल्याकडे बोटाला शाई आणि मशीनचं बटण, इथे दोरीला बांधलेली पेन्सिल आणि कागद, सकाळी सातपासून रात्री दहापर्यंत. त्या दिवशी सगळ्या इंग्लंडमध्ये मिळून साधारण १४,००० लोक ओळखपत्राअभावी मत न देता परत गेले असं इलेक्टोरल कमिशननं नंतर सांगितलं. टक्केवारीत ते ०.२५ च होतं, पण स्थानिक निवडणुकीत वॉर्ड कधीकधी दहा-वीस मतांनी जातात, त्यामुळे मला हा आकडा लहान वाटत नाही.

आता मागे जाऊ. २०१५ मध्ये या काउन्सिलच्या जागा ४० होत्या आणि त्यातल्या २९ टोरींकडे. ग्रीनच्या ५, लिब डेमच्या ४, अपक्ष २. त्या वेळी कोणी म्हणालं असतं की आठ वर्षांत हे उलटं होईल तर कोणी ऐकून घेतलं नसतं. मग वॉर्डांची फेररचना झाली, ४० च्या ३४ जागा झाल्या, २६ वॉर्ड, काही एका सदस्याचे आणि काही दोन सदस्यांचे. २ मे २०१९ ला मतदान झालं. ब्रेक्झिट अडकलेलं, थेरेसा मे पंतप्रधान, टोरींनी त्या दिवशी देशभरात १,३०० हून जास्त जागा घालवल्या. मिड सफोकमध्ये आकडे आले टोरी १६, ग्रीन १२, लिब डेम ५, अपक्ष १.

हे आकडे जरा थांबून बघा. ग्रीन आणि लिब डेम मिळून १७. टोरी आणि अपक्ष मिळून १७. बरोब्बर निम्मे-निम्मे! सत्ता टोरींकडेच राहिली पण अध्यक्षाच्या निर्णायक मतावर. म्हणजे पुढची चार वर्षं एकीकडे सत्ता चालतीये पण तिला खरं बहुमत नाही, आणि दुसरीकडे विरोधक प्रत्येक मीटिंगला तितक्याच संख्येनं समोर बसलेत. माझ्या मते २०२३ चा निकाल खरा इथेच लागला होता. कारण १२ काउन्सिलर म्हणजे १२ माणसं जी चार वर्षं कमिटीत बसणार, प्लॅनिंगच्या फायली वाचणार, गावात कोणाचा कचरा उचलला नाही तर फोन घेणार. पाच काउन्सिलर असतात तेव्हा लोक म्हणतात चांगली माणसं आहेत पण उपयोग काय. १७-१७ झाल्यावर तो प्रश्नच संपतो. ग्रीनला मत म्हणजे फुकट गेलेलं मत, ही जी भीती असते ना, जी या देशातल्या मतदानपद्धतीत छोट्या पक्षाला मारते, ती या डिस्ट्रिक्टमध्ये २०१९ लाच गेली. उलट झालं. आता लेबरला मत म्हणजे फुकट असं झालं, आणि लेबरचा तर २०१९ मध्येही इथे एक काउन्सिलर नव्हता.

ग्रीन पार्टीची काम करायची जी पद्धत आहे ती सांगायला हवी. ते सगळीकडे पसरत नाहीत. एक वॉर्ड धरतात आणि त्याच्या मागे लागतात. वर्षभर पत्रक. निवडणुकीच्या महिन्यात सगळेच पक्ष दारातून कागद सरकवतात, पण यांचं दोन पानी पत्रक नोव्हेंबरच्या पावसात पण येतं, आणि त्यात ध्रुवावरचं बर्फ नसतं, त्यात असतं की अमुक गल्लीतला फुटपाथ, तमुक कोपऱ्यावरची बस बंद झाली, शाळेसमोर गाड्या जोरात जातात, आम्ही काउंटीला पत्र लिहिलं, त्यांनी हे उत्तर दिलं. माझ्या दारात आलेली अशी पत्रकं मी आधी न वाचता रिसायकलिंगमध्ये टाकत होते, मग एकदा आमच्याच रस्त्याचं नाव दिसलं म्हणून वाचलं आणि तेव्हापासून वाचायला लागले. एक वॉर्ड जिंकला की शेजारचा. शेजारच्या गावातले लोक बघतात की त्यांचा काउन्सिलर फोन उचलतो, आपला उचलत नाही. उदाहरणार्थ ग्रीनचे अँड्र्यू स्ट्रिंगर हे मेंडलशम गावाकडचे, डिस्ट्रिक्टवर आणि काउंटी काउन्सिलवर दोन्हीकडे वर्षानुवर्षं निवडून आलेले. त्यांच्या वॉर्डातल्या लोकांसाठी ग्रीन म्हणजे नवीन काही नव्हतंच, ओळखीचा माणूस होता.

आणि उभं राहणं इथे खरंच सोपं आहे. स्थानिक निवडणुकीत डिपॉझिट भरावं लागत नाही. अर्जावर वॉर्डातल्या दोन मतदारांच्या सह्या, एक सुचवणारा आणि एक अनुमोदक. बस. त्यामुळे पैसेवाला पक्षच टिकतो असं या पातळीला होत नाही, ज्याच्याकडे पायी फिरणारी माणसं जास्त तो टिकतो.

मग मुद्दे. सगळ्यात मोठा मुद्दा घरं. मिड सफोकमध्ये काही वर्षं काउन्सिलकडे पुढच्या पाच वर्षांची घरबांधणीची जमीन पुरेशी दाखवता येत नव्हती, आणि नियम असा आहे की तसं झालं की बिल्डरचा हात वर होतो, गावाच्या कडेच्या शेतावर अर्ज टाकला तरी नाकारणं अवघड जातं, नाकारलं तर तो अपिलात जिंकतो. थर्स्टनसारख्या गावात एकापाठोपाठ एक वसाहती मंजूर झाल्या. ट्रेनचं स्टेशन आहे, रस्ता चांगला आहे, म्हणून सगळे तिकडेच. गावातले लोक घरांना विरोध करतात असं सरसकट म्हणणं मला चुकीचं वाटतं, त्यांची मुलंच भाड्याच्या खोलीत राहतायत. त्यांचा राग होता की घरं आधी येतात आणि डॉक्टर, शाळेतली जागा, बस हे मागून येतं किंवा येतच नाही. हा राग टोरी काउन्सिलरवर निघाला कारण सत्ता त्यांची आणि जो नियम नडतोय तो लंडनमधल्या त्यांच्याच सरकारचा. ते त्यातून सुटूच शकत नव्हते.

दुसरी गोष्ट तितकी मोठी नाही पण लोकांच्या बोलण्यात मी ती ऐकलीय. काउन्सिलचं ऑफिस आधी नीडम मार्केटला होतं, डिस्ट्रिक्टच्या मधोमध. २०१७ मध्ये ते उचलून इप्सविचला एंडेव्हर हाउसमध्ये नेलं, काउंटी काउन्सिलच्याच बिल्डिंगमध्ये. इप्सविच हे मिड सफोकमध्ये येतच नाही, त्याचं स्वतंत्र काउन्सिल आहे. म्हणजे आपल्या तालुक्याची कचेरी दुसऱ्याच्या तालुक्यात. शिवाय शेजारच्या बेबर डिस्ट्रिक्टबरोबर २०११ पासून कर्मचारी एकत्र, चीफ एक्झिक्युटिव्ह एकच. २०११ लाच दोन्ही डिस्ट्रिक्ट कायमची एक करायची का असं लोकांना विचारलं होतं, मिड सफोकनं हो म्हटलं, बेबरनं नाही म्हटलं आणि ते तिथेच राहिलं. पैसे वाचले असतील, मी नाही म्हणत नाही, पण म्हाताऱ्या माणसाला घराच्या अर्जासाठी दुसऱ्या गावाला जावं लागतं तेव्हा त्याला बचत दिसत नाही.

देशातलं वारं होतंच, ते नाकारून चालणार नाही. बोरिस जॉन्सन २०२२ च्या उन्हाळ्यात गेले, लिझ ट्रस ४९ दिवस टिकल्या, त्यांच्या सप्टेंबरच्या मिनी बजेटनंतर लोकांच्या घराचे हप्ते वाढले, मग ऋषी सुनक. मे २०२३ मध्ये टोरींनी इंग्लंडभर हजाराच्या वर जागा घालवल्या, नेमक्या १,०६३. त्यामुळे मिड सफोकमध्ये टोरी पडणार हे उघड होतं. पण पडणार म्हणजे कोणासमोर? बऱ्याच ठिकाणी ती मतं लेबरकडे किंवा लिब डेमकडे गेली. इथे ती ग्रीनकडे गेली कारण गावोगाव दुसऱ्या नंबरवर आधीपासून तेच उभे होते. वारा सगळीकडे सुटला होता, इथे शीड त्यांचं उभं होतं.

आणि नुसती पर्यावरणाची लाट म्हणणाऱ्यांनी त्याच रात्रीचा ब्रायटनचा निकाल बघावा. ब्रायटन म्हणजे ग्रीन पार्टीचं घर, त्यांची पहिली खासदार कॅरोलिन लुकस तिथली, काउन्सिल २०११ ते २०१५ आणि परत २०२० पासून त्यांनीच चालवलं, अल्पमतात. २०१९ मध्ये तिथे त्यांच्या १९ जागा होत्या. ४ मे २०२३ ला उरल्या ७. लेबरला ५४ पैकी ३८ मिळाल्या. पक्ष तोच, रात्र तीच, आणि एका ठिकाणी पहिलं बहुमत तर दुसरीकडे सपाट. ब्रायटनमध्ये २०२१ मध्ये कचरा कामगारांचा संप झाला होता, रस्त्यावर ढीग साचले होते, ते लोकांच्या लक्षात होतं. तिथे ग्रीन म्हणजे सत्ता होती आणि सत्तेचा हिशोब झाला. मिड सफोकमध्ये ग्रीन म्हणजे विरोधक होते. मला ही तुलना या सगळ्या प्रकरणात सर्वात महत्त्वाची वाटते, कारण तिच्यामुळे कळतं की पाटी हिरवी असली तरी लोक मत देताना पाटी वाचत नव्हते.

मतदानपद्धतीचं पण सांगायला पाहिजे नाहीतर अर्धवट चित्र होईल. वॉर्डात ज्याला सगळ्यात जास्त मतं तो जिंकला, अर्धी मतं पडायलाच हवीत असं नाही. ३४ पैकी २४ म्हणजे ७० टक्के जागा, पण डिस्ट्रिक्टमधल्या ७० टक्के लोकांनी ग्रीनला मत दिलं असा त्याचा अर्थ होत नाही. याच पद्धतीनं २०१५ ला टोरींना ४० पैकी २९ दिल्या होत्या. ग्रीन पार्टी वर्षानुवर्षं ही पद्धत बदला, मतांच्या प्रमाणात जागा द्या म्हणून सांगत आलीय आणि त्यांना पहिलं बहुमत याच पद्धतीनं मिळालं. त्यांचं म्हणणं मला तरीही बरोबर वाटतं, आणि ३४ मध्ये टोरींच्या ६ च जागा उरणं हे मी टोरींना मत देत नसले तरी मला बरं वाटलं नाही. विरोधी बाकावर इतकी कमी माणसं असली की फायली नीट वाचणारं कोणी उरत नाही.

शेजारीपाजारी पण असंच काहीसं झालं, फक्त कमी. बेबरमध्ये ग्रीन १० जागा घेऊन सर्वात मोठा पक्ष झाला पण बहुमत नाही. ईस्ट सफोकमध्ये ग्रीन १६ आणि टोरी १५, तिथे लिब डेम आणि अपक्षांना घेऊन सत्ता बनवली. दोन वर्षं आधी, २०२१ च्या काउंटी निवडणुकीत याच सफोकनं टोरींना ७५ पैकी ५५ जागा दिल्या होत्या आणि ग्रीनला ९.

सत्ता आल्यावर काय, हा भाग लोक विचारत नाहीत पण मला तोच जास्त शिकवून गेला. नोव्हेंबर २०२३ मध्ये बेबरबरोबरच्या संयुक्त लोकल प्लॅनचा पहिला भाग मंजूर झाला, तो आधीपासून चालत आलेला, त्यामुळे कुठे घरं येणार हे नव्या लोकांना कोऱ्या पाटीवर लिहिताच आलं नाही. आणि मग विजेचे टॉवर. नॉर्विचपासून टेम्स नदीकाठच्या टिलबरीपर्यंत साधारण १८० किलोमीटरची ४०० किलोव्होल्टची लाइन, बहुतेक सगळी डोक्यावरून, नॅशनल ग्रिडचा प्रकल्प, आणि ती मिड सफोकच्या शेतांतून जाते. उत्तर समुद्रातल्या पवनचक्क्यांची वीज आणायला ती हवी असं त्यांचं म्हणणं. इथल्या गावांचं म्हणणं की समुद्राखालून न्या. काउन्सिलचा डोक्यावरच्या लाइनला विरोध आहे, म्हणजे पवनऊर्जा हवी म्हणणारा पक्ष आणि तिच्याच तारांना विरोध, यावर देशभर टीका झाली. मला यात ढोंग दिसत नाही. तार कुठून न्यायची हा खरा प्रश्न आहे, ज्यांच्या शेतात खांब उभा राहणार त्यांच्या काउन्सिलरनं तो विचारायचा नाही तर कोणी विचारायचा? पण हेही खरं की निर्णय डिस्ट्रिक्टच्या हातात नाहीच, एवढ्या मोठ्या प्रकल्पाचा निर्णय लंडनमध्ये मंत्री घेतो, डिस्ट्रिक्टनं फक्त आपलं म्हणणं मांडायचं. २४ जागा असोत की ३४.

जुलै २०२४ च्या सार्वत्रिक निवडणुकीत या एका डिस्ट्रिक्टचे तुकडे तीन मतदारसंघांत पडले आणि तिघांचे तीन निकाल. आय आणि उत्तरेकडची गावं नव्या वेव्हनी व्हॅलीत, तिथे ग्रीनचे एड्रियन रॅमझी ५,५९३ मतांनी जिंकले. स्टोमार्केट, म्हणजे आम्ही, बरी सेंट एडमंड्सबरोबर, तिथे लेबरचे पीटर प्रिन्सली. मधला भाग सेंट्रल सफोक अँड नॉर्थ इप्सविचमध्ये, तिथे टोरीच आले. चौदा महिन्यांपूर्वी ज्या लोकांनी काउन्सिलला ग्रीन निवडले त्यातल्या कित्येकांनी पार्लमेंटला दुसऱ्याला मत दिलं असणार. समोर कोण दुसऱ्या नंबरवर उभं आहे ते बघून माणसं मत देतात, हेच परत दिसलं.

मग हे काउन्सिलच राहणार का असा प्रश्न आला. डिसेंबर २०२४ मध्ये सरकारनं सांगितलं की काउंटी आणि डिस्ट्रिक्ट या दोन पातळ्या काढून एकच पातळी करायची. सफोक काउंटीला सगळ्या सफोकचं एकच काउन्सिल हवं होतं, डिस्ट्रिक्टवाल्यांना तीन हवी होती. मी त्यात एकच हिशोब मांडून बघते. आज मिड सफोकमध्ये एक काउन्सिलर साधारण ३,००० लोकांमागे आहे. काउंटीवर २०२१ ला ७५ काउन्सिलर निवडले होते आणि लोकसंख्या साडेसात लाखाच्या वर, म्हणजे एकामागे दहा हजार. ज्या पत्रकात आमच्या रस्त्याचं नाव होतं ते टाकणारा माणूस आमच्या रस्त्यावरून चालत आला होता, दहा हजार लोकांत, पाच-सहा खेड्यांत पसरलेल्या, तो किती दारांपर्यंत चालत येईल?